म्हशीच्या दगडाचे पाय

आवाज थांबला म्हणून मला जाग आली.

कौलांवर पाऊस होता. पन्हाळीची धार अंगणातल्या दगडावर आपटत होती. बाजूला तनू झोपली होती. सवयीने मी तिच्या पोटावर हात ठेवला, पोट वर-खाली होतंय हे पाहिलं, आणि तरीही काहीतरी नाहीसं झालंय असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं. नदी.

सावरकोंड हे माझं सासर. घराच्या मागच्या पडवीपासून उतार सुरू होतो आणि उतार संपतो तिथे नदी. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात तिच्या आवाजाने मला झोप लागत नसे. या दुसऱ्या पावसाळ्यात त्याच आवाजावर आठ महिन्यांची तनू झोपत होती. आषाढात तर घरातल्या घरात बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. आता आषाढ सरत आला होता, पाऊस आठवडाभर हटला नव्हता, आणि नदी गप्प होती.

मी स्वयंपाकघरात आले. सासूबाई चुलीपुढे बसून ओली लाकडं फुंकत होत्या. त्यांना मी आईच म्हणायचे.

“आई, नदीचा आवाज येत नाही.”

“पाऊस वाजतोय की कौलांवर. त्यात काय ऐकू येनार?”

“पाऊस रोज वाजतो. रोज येतो की आवाज.”

त्यांनी फुंकणी खाली ठेवली, मान वाकडी करून ऐकलं आणि फुंकणी पुन्हा उचलली. “तुला झोप नाय. म्हनून तुला कायबाय ऐकू येतं नि कायबाय येत नाय. रातभर उठून पोरीला हात लावून बघतीस, मला काय कळत नाय व्हय?”

ते खरंच होतं. रोहिदास, माझा नवरा, तोही हसायचा. महाडजवळच्या एका कारखान्यात त्याची रात्रपाळी असायची, सकाळी फोन केला की आधी विचारायचा, “काय, आज घरात कायकाय धोका आहे?” पाण्याची घागर झाकली का, पाळण्याची दोरी झिजली का, विंचू कुठल्या भिंतीतून येईल, हे सगळं माझ्या डोक्यात चालू असे. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले होते. त्याचा सासरी एवढाच उपयोग होता की आभाळाकडे बघून मी काही बोलले की लीलाकाकी म्हणायच्या, “आकाशवाणी झाली गं बायांनो!” लीलाकाकी म्हणजे शेजारच्या. जिभेला हाड नव्हतं, पण बाळंतपणाहून परत आल्यावर माझं अंग रगडायला त्याच येत होत्या.

उजाडलं तशी मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हशीचा दगड दिसत होता.

या दगडाचं सांगायला हवं. नदीच्या मधोमध एक काळा खडक आहे, बसकी म्हैस उभी राहावी तसा, खाली चार आखूड खुंट. पावसाळ्यात तो पूर्ण बुडतो. दिवाळीला त्याची पाठ दिसते, संक्रांतीला पोट, आणि फाल्गुनात पाय कोरडे पडतात. गावाचं सगळं त्या दगडावर चालतं. त्याच्या वरच्या अंगाला देवळाखाली खोल डोह आहे, त्याला कोंड म्हणतात. कोंडीत हातभर लांबीचे खडस मासे असतात. ते देवळातल्या कोंडजाई देवीचे. त्यांना कुरमुरे टाकायचे, पागाचं जाळं टाकायचं नाही. पाणी चढलं की ते अंडी घालायला नदीने वर जातात, उतरायला लागलं की परत कोंडीत येतात. परतताना चुकून म्हशीच्या दगडाच्या खाली जे वाहून येतात, ते गावाचे. पण ते कधी धरायचे? तर म्हशीचे पाय कोरडे झाले की. त्याआधी नाही.

म्हशीची पाठ ज्येष्ठात बुडाली ती दिवाळीपर्यंत दिसायची नव्हती. ती आता पावसात चकाकत होती.

मी चुलीवर तनूचं नाचणीचं सत्त्व ठेवलं, ढवळता ढवळता दारात जाऊन पाहून आले. पोट दिसायला लागलं होतं. सत्त्वाला कढ आला तेव्हा पुन्हा पाहिलं. कुणी खालून बूच काढावं तशी नदी खाली जात होती. आणि पाऊस तसाच, दोरखंडासारखा.

“आई, तुम्ही या. तुम्ही बघा एकदा.”

त्या आल्या. पदर डोक्यावर ओढून पाहत राहिल्या. मला वाटलं, घाबरल्या. पण त्यांनी हात जोडले.

“पाय दिसतायत,” त्या हळूच म्हणाल्या.

“आई, वर पाऊस पडतोय आणि नदी खाली जातेय. म्हणजे पाणी कुठंतरी अडलंय. वरच्या खिंडीत दरड आली असेल. ती फुटली की…”

“फाल्गुनात पोरगी तुझ्या माहेरी व्हती,” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं. गावात त्या वर्षीचं जे सगळ्यांत लहान मूल असेल, ते आजीच्या मांडीवर म्हशीच्या दगडावर बसतं. पहिला खडस धरून त्याच्या हाताला लावतात आणि परत कोंडीत सोडतात. मग बाकीचे आपल्या टोपल्या लावतात. या फाल्गुनात तनूला ताप होता म्हणून मी तिला पनवेलहून आणलीच नव्हती. गाव पोराशिवायच नदीत उतरलं, आणि मासे मिळाले नाहीत. कुणी तोंडावर बोललं नाही, लीलाकाकी सोडून.

“देवीला पोर बघायचं हाय,” आई म्हणाल्या. “म्हनून तिनं नदी बाजूला केली.”

तेवढ्यात देवळाकडून ढोल वाजला. धाकू गुरवाने पाय पाहिले होते.

सत्त्व उतू जाऊन चुलीत पडलं, त्याचा वास सुटला म्हणून मी आत धावले. पातेलं उतरवलं, हात भाजला, पदराला पुसला. परत आले तर पडवीत कुणी नव्हतं. पाळणा हलत होता, रिकामा. खुंटीवरची, पावसात पांघरायची प्लास्टिकची खोळ नव्हती.

मी चप्पल घातली की नाही मला आठवत नाही.

देवळाच्या वाटेवर एक ओढा आडवा येतो. एरवी त्यात घोट्याएवढं पाणी असतं. त्या सकाळी तो पावसाने भरून वाहत होता, आणि मी त्यात पाय टाकला तो एकदम मागे घेतला. पाण्यात काहीतरी जड, गुळगुळीत माझ्या पायाला घासलं होतं. वाकून पाहिलं. ओढा खडसांनी भरला होता. एकाला एक लागून, काळ्या-सोनेरी पाठी पाण्याबाहेर, तोंडं वरच्या बाजूला, सगळे. कल्ले तेवढे हलत होते. मोठे, जुने मासे, कुरमुरे टाकताना मी कोंडीत पाहिलेले; एकाच्या शेपटीला जुनी खांड होती, तोही होता. मी त्यांच्यात उभी होते आणि एकही हलला नाही. त्यांनी नदी सोडली होती. वाहतं पाणी जिथे उरलं होतं तिथे, जेवढं वर चढता येईल तेवढं चढून ते थांबले होते.

आणि गाव खाली उतरलं होतं.

नदीचं पात्र मी लग्न झालं त्या फाल्गुनात पाहिलं होतं, पण ते वाळलेलं, उन्हातलं. हे ओलं होतं. दगडांवर शेवाळ लोंबत होतं. काठाची मुळं उघडी पडून थेंब गाळत होती. डबक्यांत बोटभर मासळी तडफडत होती, तिचा बारीक चटचट आवाज येत होता, आणि तो ऐकू येत होता हेच भयंकर होतं. आषाढात त्या जागी उभं राहून माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये.

सगळ्यांना मजा वाटत होती. बायका ओचे खोचून टोपल्या घेऊन उभ्या होत्या. पुरुष डबकी चाचपत होते. आणि मधोमध, म्हशीच्या पाठीवर, खोळ पांघरून आई बसल्या होत्या. खोळीतून तनूचं डोकं बाहेर आलं होतं. ती पावसाचे थेंब पकडायला हात हलवत होती.

“आली बघा आकाशवाणी!” लीलाकाकी ओरडल्या. “ये गं, टोपली नाय आनलीस ती?”

“काकी, वर चला. सगळ्यांनी वर चला. नदी वर अडलीय, दरड पडली असेल, ती फुटली तर कुणी उरणार नाही.”

“कोन म्हनलं?”

“कुणी कशाला म्हणायला हवं? पाऊस बघा! मासे बघा, सगळे खडस ओढ्यात चढून बसलेत.”

“ओढ्यात?” लीलाकाकींचे डोळे चमकले. “अगं मग बरंच झालं. इकडचं झालं की तिकडं जाऊ.”

बाया हसल्या. मी दगडांवरून घसरत म्हशीपाशी गेले आणि तनूसाठी हात पुढे केले. धाकू गुरव मध्ये आला. साठीचा माणूस, गळ्यात ढोल, भिजून काळाठिक्कर.

“सूनबाय, थांब जरा. पहिला मासा गावला की घे पोर.”

“मला आत्ता हवी आहे.”

“बसलेलं पोर मासा लागल्याबिगर उचलत नाय. बापजाद्यांपासून नाय उचललेलं. एक डाव फाल्गुनात चुकलं ते चुकलं. आता देवीनं आपल्या हातानं दिलंय, त्यात तू मोडता घालतीस?”

“पण मासाच नाहीये इथे! एक तरी दिसतोय का खडस?”

तो क्षणभर थबकला. खरंच नव्हता. माणसं कोपरापर्यंत हात घालून शोधत होती आणि हाताला चिखल आणि खेकडे लागत होते. पण त्यामुळे उलटंच झालं. “शोधा रं,” तो ओरडला, “खालच्या अंगाला शोधा!” आणि अर्धे लोक आणखी खाली, पात्रात दूर पांगले.

“आई,” मी म्हणाले, “आई, तुम्ही तरी द्या. तुमच्या पाया पडते.”

आईंनी तनूला छातीशी धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “थोडं थांब. आपल्या घरावर बोल नको,” त्या म्हणाल्या. मी झोंबायला गेले तर दोन बायांनी मला दंडाला धरलं, तेही मायेने. “येडी झाली का गं, पोर सांडंल!”

तेव्हा वरून, खिंडीच्या बाजूने, वास आला. ओल्या मातीचा. शेतात पाऊस पडतो तेव्हाच्या मातीचा नव्हे. विहीर खणताना खूप खाली गेल्यावर येतो तसला, थंड.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. कोंडजाई आमच्या आईंच्या अंगात यायची. वर्षातून एकदा, नवरात्रात, धाकू गुरवाचा ढोल चढत गेला की. आदल्या नवरात्रात मी ते पहिल्यांदा पाहिलं होतं. सगळे हात जोडून होते आणि मी पाहत होते, मला पाहण्याचीच खोड. आधी उजव्या पायाचा अंगठा हलतो. मग टाच. मग श्वास, हुंकारासारखा, दातांमधून. मग त्या अंबाडा सोडतात. गुरव विचारतो, “कोन आलंय? काय पायजे?” आणि त्या बोलतात, पण त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही. त्या वेळी त्यांनी जे सांगितलं ते गावाने केलं. गावाने वर्षभर दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसेल, त्या अर्ध्या तासातलं ऐकलं.

म्हणजे एकच आवाज होता ज्याच्यावर ते लोक उठले असते. आणि तो मी लक्षपूर्वक पाहून ठेवला होता.

मी दंड सोडवून घेतले. उजव्या पायाचा अंगठा हलवला. दगड थंड होता. टाच आपटली. पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली, नाटकात काम करताना वाटते तशी. वाटलं, आता हसतील. पुन्हा आपटली. हुंकार दिला. अंबाड्याचा आकडा काढून फेकला आणि केस पुढे घेतले. केसांच्या आडून मला दिसलं की बायांचे हात सुटले, त्या मागे सरल्या. ढोल एकदा वाजला, आपोआप, धाकूच्या सवयीने.

“कोन आलंय?” त्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

मला काय म्हणायचं ते मी ठरवलं होतं. मासा नको, वर चला. एवढंच. सोपं.

त्यानंतरचं मला आठवतं ते असं: पाय थांबवायचा प्रयत्न केला तर थांबला नाही. आणि आई दगडावरून उतरून माझ्यापुढे आल्या होत्या, तनूला माझ्या पायांवर ठेवत होत्या, सासू सुनेच्या पायांवर, आणि त्यांचं तोंड कागदासारखं पांढरं झालं होतं.

मग देवळाची पायरी. तनू माझ्या कडेवर, भोकाड पसरलेली. माझे पाय सोललेले. आजूबाजूला सगळं गाव, धापा टाकत. कुणीतरी मोजत होतं, घरोघरची नावं घेऊन, “आले का? आले का?” लीलाकाकी टोपलीशिवाय आल्या होत्या आणि त्यांची टोपली खाली, दगडांत, पिवळी दिसत होती.

“आता?” कुणीतरी विचारलं. कोरडं पात्र तसंच. मला वाटलं, काहीच होणार नाही. ते वाटणं इतकं स्वच्छ आठवतं. काही झालं नाही तर या गावात मी कशी राहणार, असं माझ्या मनात आलं.

मग ओढ्यातले मासे एकदम हलले. सगळे, एकाच वेळी. आणि नदी आली.

ती पाण्यासारखी आली नाही. वळणावरून एक तपकिरी भिंत आली, तिच्या डोक्यावर झाडं उभीच्या उभी, मुळांसकट. आवाज तिच्या मागून आला, इतका वेळ नसलेला सगळा आवाज एकदम. म्हशीचा दगड गेला. टोपल्या गेल्या. पाणी कोंडीवरून चढून देवळाच्या खालच्या पायऱ्या खाऊन गेलं आणि आम्ही सगळे एकेक पायरी वर सरकलो. कुणी रडलं नाही. धाकू गुरवाने गळ्यातला ढोल काढून जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे वळून हात जोडले. त्याच्या मागे सगळ्यांनी जोडले. लीलाकाकींनीसुद्धा. त्या आकाशवाणी म्हणाल्या नाहीत, आणि पुढे कधीच म्हणाल्या नाहीत. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

दुपारी रस्ता खचल्यामुळे रोहिदास चालत आला. वाटेतच त्याला सगळं कळलं होतं. त्याने तनूला घेतलं, तिचं डोकं हुंगलं, आणि माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला.

“काय गं, खरंच?”

“काहीतरीच काय. मी नाटक केलं. दुसरं कोणी ऐकत नव्हतं.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि त्याचे खांदे सैल पडले. “नाही, म्हणजे, घरात दोन-दोन देव्या म्हटल्यावर मी राहायचं कुठं?”

संध्याकाळपर्यंत लोक येत राहिले. नारळ, खण, तांदूळ. मी आत बसून राहिले. दिवे लागले तेव्हा आई तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे येऊन बसल्या. माझ्या केसांत चिखल, पानं, काय काय अडकलं होतं. त्या बोटांनी एकेक गुंता सोडवायला लागल्या. बाहेर नदीचा आवाज इतका होता की तनू शांत झोपली होती.

“तुला चंपीचं कुनी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“कोण चंपी?”

त्यांची बोटं थांबली. “सकाळी तू नाव घेतलंस.”

“मी? मी म्हटलं, मासा नको, वर चला.”

“ते नाय म्हनलीस तू.” त्या माझ्या कानाशी आल्या, कारण नदीचा आवाज होता आणि दाराबाहेर रोहिदास बसला होता. “तू म्हनलीस, माझी वाट सोडा. चंपी नेली तेवढी पुरे. ही वर न्या.”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“माझी पयली,” आई म्हणाल्या. “रोहिदासच्या आधीची. दोन वर्सांची व्हती. कोंडीच्या काठाला कुरमुरे टाकत व्हती, मी पाठमोरी कपडे धुत व्हते. रोहिदासला पन ठाऊक नाय. कुनी नाव काढायचं नाय, असं त्याच्या बापानं सगळ्यांकडनं शपथेवर घेतलेलं. आज तीस वर्सं झाली, कुनी काढलं नाय.”

मी आठवू लागले. आई तनूला न्हाऊ घालताना पुटपुटायच्या, गरम पाण्याच्या वाफेत, स्वतःशीच. ‘चंपे, डोळं मीट’ असं काही मी कधी ऐकलं होतं का? ऐकलं असावं. मी सगळं ऐकते, सगळं पाहते, ते कुठेतरी आत साठत असणार. त्या क्षणी तेच बाहेर आलं असणार. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि अजून सांगते. तरी ‘माझी वाट’ आणि ‘नेली’ हे शब्द कुठून आले, ते मला सांगता येत नाही.

“आई,” मी म्हणाले, “तुम्हाला खरं सांगते. मी नाटक केलं. तुम्ही नवरात्रात कसं करता ते बघून केलं. अंगठा आधी, मग टाच. तनूला घ्यायचं होतं मला, बाकी काही नाही. माझ्या अंगात काही आलं नव्हतं.”

मला वाटलं, त्या चिडतील. निदान हात काढून घेतील. त्यांनी तेलात बोटं बुडवली आणि माझ्या टाळूवर हळूहळू चोळायला सुरुवात केली, तनूला चोळतात तशी.

“मलाबी पयल्या डावाला तसंच वाटलं व्हतं,” त्या म्हणाल्या.

त्या वर्षीच्या नवरात्रात आईंच्या अंगात देवी आली नाही. ढोल चढत गेला, त्या हात जोडून उभ्या राहिल्या, साध्या बाईसारख्या, आणि गर्दीतून माझ्याकडे पाहत राहिल्या. पुढच्या वर्षी आम्ही महाडला खोली घेतली. रोहिदासला कारखाना जवळ पडतो, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

आई गेल्याला दोन वर्षं झाली. तनू सात वर्षांची आहे. कोंडीत गाळ भरला होता तो हळूहळू निघाला, खडस परत आलेत, बारीक आहेत अजून. नवरात्रात आम्ही जातो; न जाऊन चालत नाही. लोक माझ्यासाठी पुढे जागा करतात आणि मी मागेच, खांबापाशी उभी राहते. तनूला ढोल आवडतो. ती माझ्यापुढे उभी राहते, अनवाणी, कारण देवळात चप्पल चालत नाही.

ढोल चढायला लागला की मी उजवा पाय डाव्या पायाखाली दाबून धरते. सगळे देवीकडे बघत असतात. मी तनूच्या अंगठ्याकडे बघत असते.